रंभाताईंची टाच

राहू गावच्या अंगणवाडीत चोवीस वर्षं पोरं सांभाळणाऱ्या रंभाताईंच्या टाचेवर काळा डाग उठला. काटा मोडला असेल म्हणून त्यांनी तिकडं बघितलंच नाही. तो कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन करून गाठ काढली, मांडीची कातडी टाचेला लावली. तेव्हाच डॉक्टर महेंद्र यांनी रंभाताईंना आणि त्यांच्या लेकीला, राजश्रीला, एका नव्या लशीच्या चाचणीबद्दल सांगितलं. काढलेल्या गाठीवरूनच रंभाताईंपुरती लस बनवायची. गाठ परत डोकं वर काढू लागली, तर शरीरानं ती ओळखून मारावी, हा तिचा हेतू.

राजश्री दौंडला एका दवाखान्यात नर्स. ऐकताना तिचे डोळेच चमकले. पण एक अट होती. पहिली लस ऑपरेशननंतर बारा आठवड्यांच्या आत, आणि त्याआधी जखम पूर्ण भरलेली हवी.

"का पण?" रंभाताईंनी विचारलं.

"जखम भरताना सूज असतेच, आणि लसही सूज आणते," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही एकदम आल्या तर काय कशामुळं झालं, ते आम्हाला कळणार नाही. जखमही कदाचित रेंगाळेल."

नववा आठवडा संपला तरी तुरीच्या डाळीएवढी जागा उघडीच होती. राजश्री रोज ड्रेसिंग करताना मोजायची. चार मिलिमीटर. तीन. परत तीनच. रंभाताईंनी तो पाय जमिनीला लावणंच सोडून दिलं.

अकराव्या आठवड्यात एका सकाळी राजश्रीनं पट्टी सोडली आणि ओरडलीच, "आई, भरली! कोरडी ठणठणीत हाय!"

तीनच दिवसांनी दंडात लस टोचली. दुसऱ्या दिवशी दंड सुजला, ताप चढला. त्याची कल्पना डॉक्टरांनी दिली होती. पण दुपारी टाचेवरचा व्रणही लाल झाला, हाताला गरम लागू लागला.

"उकलती का काय गं?" रंभाताईंचा चेहरा उतरला.

 राजश्रीनं लाली जिथं संपत होती तिथं पेनानं रेघ ओढली, फोटो पाठवला. डॉक्टरांनी लगेच बोलावलं. गाडी करून दोघी पुण्याला पोचल्या. रक्त घेतलं, व्रण तपासला, दोन दिवस ठेवून घेतलं. जंतू सापडले नाहीत.

"लशीनं जाग्या केलेल्या पेशी ऑपरेशनच्या जागीही पोचल्या असाव्यात," डॉक्टर म्हणाले. "असाव्यात हं, छातीठोकपणे नाही सांगत." पण बोलताना ते स्वतःच उत्सुकतेनं खुर्चीच्या कडेला सरकले होते.

तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत सरकली. आठवड्यात पार गेली. कातडी कुठंही उकलली नाही.

तिसऱ्या लशीनंतर पंधरा दिवसांनी, मायलेकी जेवायला बसल्या असताना, डॉक्टरांचा फोन आला. राजश्रीनं तो स्पीकरवर टाकला.

"रंभाताई, तुमच्या रक्तात त्या गाठीला ओळखणाऱ्या पेशी सापडल्यात. लशीआधी जवळजवळ नव्हत्याच!"

राजश्रीनं उष्ट्या हातानंच आईला मिठी मारली.

"म्हंजी वळख पटली त्या गाठीची?" रंभाताईंनी विचारलं.

"पटली. कॅन्सर परत येणारच नाही, असं आज म्हणता येणार नाही. पण सुरुवात झकास झालीय."

"ऱ्हाऊ द्या ते," रंभाताई फोनकडं वाकून म्हणाल्या. "पुढची लस कवा, तेवढं सांगा. आम्ही सकाळच्या गाडीनंच निघतो."