गिरिजाबाईचा जाड दोर

साहेबरावाला आपल्या कानाचा भारी गर्व. गायनपार्टीत ढोलकी वाजवायचा, अन् कुणाची पेटी जराशी उतरलेली असली की भर कार्यक्रमात तोंड वाकडं करायचा. पोटापाण्याला मात्र गोदावरीवर नाव. घनसावंगीच्या अंगाचा हा काठ, पलीकडं तो काठ, मधे पाणी अन् साहेबराव. वारा साथीला असला की शीड उभारायचा. शिडाची डोलकाठी उभी धरायला दोर बांधलेले असतात, त्यांना तो तणावे म्हणायचा. खरी मदार दोन बगलांच्या तणाव्यांवर.

त्याची माय गिरिजाबाई या नावेत कधी बसली नव्हती. नवरा ह्याच नावेत गेला. वावटळीत तणावा तुटला, डोलकाठी डोक्यावर आली, संपलं. तेव्हापासून ती घाटावर यायची, लेकाला भाकर द्यायची अन् पाण्याकडं पाठ करून बसायची.

आता पंचाईत अशी की तिची लेक कौसल्या पलीकडं, सासरीच बाळंत झाली होती. पहिलं नातवंड. पौर्णिमेला बारसं, अन् पुलाकडं जाणारा रस्ता चिखलात गेलेला. जीप सोडा, बैल निघत नव्हते. मायनं बरेच दिवस रस्ता वाळायची वाट बघितली. मंग एकदम म्हणाली, "येते नावेतून. पण काठी हलली ना, तर उतरून जाईन. मधे असले तरी."

उजवा तणावा कुजला होता. नवा दोर मायनंच वळला, अंबाडीचा. अन् वळला तो कसला! लेकाची सगळी काळजी त्या पिळात घातलेली. डाव्याच्या दुप्पट जाड. साहेबराव हसला. "माय, काठी बांधायचीय का हत्ती?"

पौर्णिमेच्या सकाळी त्यानं तणावे ताणायला घेतले. दुसरा कुणी असता तर लांब उभा राहून काठी बघत बसला असता. ह्यानं काय करावं? डाव्याला टिचकी मारली, कान लावला. उजव्याला मारली, कान लावला. उजवा ढब्ब बोलायचा. मग उजव्या दोरात दांडकं घालून पिळत गेला, ढोलकीचं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, सुराला चढवावं तसा, पार घामाघूम होईस्तोवर. शेवटी दोन्ही एका सुरात बोलले तेव्हा गडी खूश.

"बराबर झालं. ये माय."

गिरिजाबाई बाळंतविड्याचं गाठोडं घेऊन काठावर उभी होती. जागची हलली नाही. डोलकाठीकडं बघत होती अन् तिचा चेहरा उतरत चालला होता. घाटावर चहा विकणारा भुजंग ओरडला, "अरे साहेबराव, काठी उजवीकडं वाकली की!"

"हॅट! दोन्ही एका सुरात हैत."

"सुराला काय चाटायचं? वर बघ!"

त्यानं वर बघितलं. काठी वाकली होती, बुडाशी करकरत होती. वारा लागला असता तर मोडलीच असती.

जाड पान पातळ पानाच्या सुराला आणायचं तर त्याला कितीतरी जास्त ओढावं लागतं. जन्मभर ढोलकी चढवणाऱ्याला हे ठाऊक नव्हतं होय? ठाऊक होतं, पण दोराच्या वेळी डोक्यात आलं नाही. लाजेनं त्याचे कान तापले. उजवा सैल करायचा, काठावर जाऊन बघायचं, परत सैल करायचा, असं करत त्यानं काठी सरळ आणली. आता एक दोर टणटण बोलत होता, दुसरा ढब्ब. कानाला घाण वाटत होतं.

"माय, आता झालं."

"मघाशी बी झालंच म्हणला होतास."

त्यानं नाव काठाला आणखी जवळ ओढून धरली.

गिरिजाबाईनं गाठोडं नावेत टाकलं, लुगडं खोचलं अन् चढली. सरळ उजव्या तणाव्यापाशी गेली, स्वतः वळलेल्या, अन् तो मुठीत धरून बसली. "चाल, जल्दी."

शीड भरलं. काठी हलली नाही. मायनं पाण्याकडं एकदाही बघितलं नाही. पलीकडं नाव लागली तरी तिची मूठ उघडेना; साहेबरावानं एकेक बोट सोडवलं. तळहातावर पिळाचे वळ उमटले होते. त्याच हातांवर तिनं नात घेतली अन् पोटभर रडली.

कार्यक्रम आटोपला, साहेबराव निघाला, तर माय म्हणते, "मी न्हाई येत. रस्ता वाळला की जीपनं येईन."

"अगं, काठी हलली का पण?"

"न्हाई हलली. पण तुझा बाप बी, काठी हलत न्हाई म्हणूनच निघाल्ता."

तो एकटाच परत निघाला. मधल्या पाण्यात वारा वाढला, तेव्हा बापाची आठवण आली अन् जन्मात पहिल्यांदा त्याला ह्या पाण्याची भीती वाटली. टिचकी मारून बघावं असं मनातही आलं नाही. सुकाणूपाशी बसल्या बसल्या त्यानं हात लांबवला, मायनं धरला होता तिथंच तो जाड दोर धरला, अन् काठ येईस्तोवर सोडला नाही.