गळतीवरचा ग्रंथ

जुनी हार्ड डिस्क उघडलीच नाही, तर इंजिनिअरसाहेबांचा फायदाच फायदा होता. पन्नाशीत ऐच्छिक निवृत्ती घेताना, पाणीपुरवठा खात्यातल्या निरोपाच्या भाषणात, 'गळती : कारणे आणि उपाय' असा ग्रंथ लिहिण्याची घोषणा ते करून बसले होते. त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून मागची खोली, अख्खी दुपार आणि तीनचा चहा ग्रंथाच्या नावावर लागला होता. शिवाय बाजारहाटातून आणि स्वयंपाकघरातल्या ठिबकणाऱ्या नळापासून कायमची माफी. चहा करायची ती बायको. हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातली सकाळची पाळी संपवून ती अडीचला घरी यायची.

डिस्क मेली, तर ग्रंथ न लिहिताच संपणार होता, वर सहानुभूती.

साहेबांनी हे मुद्दाम घडवलं असं म्हणणं अन्यायाचं होईल. कॉम्प्युटरची जुनी सिस्टीम आता चालणार नाही असं दुकानदार म्हणाला, म्हणून त्याच्याकडून त्यांनी छोटी नवी डिस्क आणि तिच्यावर नवी, फुकटची सिस्टीम बसवून घेतली. जुनी डिस्क कॉम्प्युटरच्या डब्यात होती तशीच राहिली. घरी येऊन बघतात तर ग्रंथाचं फोल्डर कुठे दिसेना. त्यांनी फार शोधलंही नाही.

"गेलं," बायको दारात आली तशी ते म्हणाले. "चौदा वर्षांची मेहनत गेली."

बायकोने पर्स खाली ठेवली आणि कित्येक वर्षांनी त्यांचा हात हातात घेतला. "जेवलात का?"

"घास उतरला नाही गं." भाजी खरं तर दोनदा वाढून घेतली होती.

"पुन्हा लिहा. डोक्यात आहे ना सगळं?"

"आता या वयात? नशिबातच नव्हतं म्हणायचं."

संध्याकाळी जुन्या सहकाऱ्यांना फोन झाले. पहिल्या फोनवर चारशे पानं गेली होती, शेवटच्या फोनपर्यंत साडेसहाशे. साहेबांना अशी गाढ झोप खूप दिवसांनी लागली.

रविवारी सकाळी बायको कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली.

"राहू दे गं. कशाला जखमेवर मीठ?"

"आमच्याकडे हीच सिस्टीम आलीय. तेव्हा जुने एक्स-रे असेच गायब झाले होते. डिस्क हरवत नाही हो, नुसती जोडायची राहते." तिने डावीकडच्या यादीत एका नावावर टिचकी मारली, पासवर्ड घातला आणि ओरडलीच. "अहो, आहे! सगळं आहे!"

साहेब अनवाणी धावले. "सरक, मी बघतो. तू चहा ठेव."

ती वळताच त्यांनी फोल्डर पुसायला घेतलं. कॉम्प्युटरने नकार दिला. जुनी सिस्टीम पूर्ण बंद न करता नुसती झोपवलेली आहे, त्यामुळे ही डिस्क फक्त वाचता येईल, त्यात काही बदलता येणार नाही, अशी सूचना आली. खोटं नव्हतं. साहेबांनी कॉम्प्युटर कधी बंद केलाच नव्हता. दुपारी त्याला झोपवायचे आणि मग स्वतः झोपायचे.

"काय पुसताय?" बायको मागेच उभी होती.

"व्हायरस असेल म्हटलं..."

तिने माऊस काढून घेतला. फोल्डरमध्ये चौदा फायली होत्या. चौदाही प्रस्तावना, दरवर्षी एक. तिने उभ्याउभ्या सगळ्या वाचल्या. प्रत्येकीचा शेवट एकच होता : 'पत्नीच्या सहकार्याशिवाय हा ग्रंथ पूर्ण झाला नसता.'

"साडेसहाशे पानं?"

"परिशिष्टं धरून... म्हणजे धरली असती तर."

"चौदा वेळा आभार मानलेत हो माझे." तिचा आवाज अजिबात चढला नाही, आणि साहेबांना त्याचीच धास्ती वाटली. "सहकार्याशिवाय पूर्ण झाला नसता. आणि झालाच नाही. म्हणजे माझंच कुठेतरी कमी पडलं, नाही का?"

 स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

मागची खोली त्याच आठवड्यात बायकोची झाली. नळाचं काम दहा मिनिटांचं निघालं, साहेबांनी चुकीच्या मापाचे दोन वॉशर आणले तो वेळ सोडून. ती डिस्क तिने तशीच राखली. पुसता येत नाही ते बरंय, म्हणाली. तीनचा चहा आता साहेब करतात. तो पाण्यासारखा होतो, आणि पाळी करून आलेल्या तिलाच तो प्यावा लागतो.