आगबोटीचं मीटर

संध्याकाळी कामावरून आली की सून आधी घरात शिरत नसे, गॅरेजमध्ये जाई. खांद्याची पिशवी खांद्यालाच, हातात टॉर्च. सासऱ्यांच्या जुन्या अमेरिकन गाडीचं दार उघडून ती मीटरवर उजेड टाकी आणि आकडा वहीत उतरवी. एकसष्ट हजार चारशे आठ. आठ महिने झाले, रोज एकसष्ट हजार चारशे आठ. दुसऱ्या कुणाला इतका आज्ञाधारक आकडा पाहून बरं वाटलं असतं. हिला मुळीच वाटत नव्हतं.

त्यात तिचा तरी काय दोष? पाणीखात्यात घरोघरची मीटरं वाचायची तिची नोकरी. अठरा वर्षं जिन्यांखाली आणि मोऱ्यांमागे वाकून तिने आकडे टिपलेले. एखाद्या घरमालकाने हसतमुखाने "या, बसा" म्हटलं, की ही आधी त्याचा पाइप हाताने चाचपून बघणार. नवरा म्हणायचा, "लग्नाच्या आधी हिने माझंही सील तपासलं असणार."

सासरे एका मोठ्या हॉटेलात ड्रायव्हर होते. हॉटेलने जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा निरोपाची भेट म्हणून त्यांनी हीच मागून घेतली. एकोणीस फूट लांब, फिकट आकाशी, मागे माशासारखे दोन पंख, आणि चकचकीत बंपर असा की त्यात बघून दाढी करावी. गल्लीत तिला आगबोट म्हणत. "पुढच्या सीटवर तीन धडधाकट माणसं मांडी घालून बसतील," सासरे सांगायचे. "डिकीत खाट टाकून झोपा. नाहीतर आताच्या गाड्या! साबणाच्या डब्या नुसत्या. त्यात बसायचं की त्या अंगात घालायच्या?" असं बोलताना त्यांचा हात हवेतच एक मोठं, सावकाश वळण घ्यायचा.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना गाडी चालवताना चक्कर आली आणि आगबोट कोपऱ्यावरच्या कुंपणावर जाऊन थांबली. लागलं कुणालाच नाही. पण पहिली धावत पोचली ती सून. सासऱ्यांचं डोकं स्टिअरिंगच्या चाकावर टेकलेलं आणि हॉर्न वाजतोय तो वाजतोयच. तो हॉर्न तिच्या कानातून अजून गेला नव्हता. डॉक्टरांनी गाडी बंद केली. सासरे म्हणाले, "शपथ घेतो, चाकाला हात लावणार नाही. पण तिला विकू नका."

"शपथ नको, बाबा. मीटर पुरे," सून म्हणाली. "आकडा एकाने जरी हलला, तर भंगारवाला येऊन घेऊन जाईल."

सासऱ्यांनी मान डोलावली. इंजिन जाम होऊ नये म्हणून रोज पाच मिनिटं जागच्या जागी सुरू ठेवायची तेवढी सवलत मागून घेतली.

आकडा हलला नाही. बाकी सगळं हलत होतं. जमिनीवरचा तेलाचा डाग आज चाकाजवळ, तर उद्या वीतभर पुढे. काचेवर चिरडलेला किडा. उभ्या गाडीवर किडा काय आत्महत्या करायला येतो? सीट पुढे ओढलेली. दिवाणावरची उशी घरातून गेली ती गाडीत सापडली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि पाणी मुरलेलं ओळखणं हे तर तिचं पोटापाण्याचं काम.

तिने सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "आकडा बघ ना तू." नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "मला कशाला मध्ये घेतेस?" म्हणजे हाही सामील, तिने ताडलं. सासूबाईंकडे बघून ती नुसतीच म्हणाली, "आई, जरा लक्ष ठेवा त्यांच्यावर." सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या, "ठेवते की. गाडीच्या चाकाला बोट लावत नाहीत ते."

शेवटी तिने मेकॅनिक आणला. मीटरची केबल कुणीतरी काढून ठेवत असणार, अशी तिची खात्री होती. मेकॅनिक अर्धा तास गाडीखाली झोपून बाहेर आला. "केबल शाबूत आहे. कुणी हातसुद्धा लावलेला नाही," तो म्हणाला, आणि सासऱ्यांकडे बघून किंचित हसला. ते हसू तिला झोंबलं. यालाही यांनी फितवलंय, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी डबा घेऊन निघाली आणि गॅरेजपासून चार घरं पुढे शिंप्याच्या दुकानात जाऊन बसली. निमित्ताला पडदे आणले होते.

"आज ऑफिस नाही का, ताई?" शिंप्याने विचारलं.

"रजा टाकलीय."

"मग घरी जाऊन आराम करा की. पडदे मी पोचते करतो."

"इथेच बरं आहे."

शिंप्याने घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. अकराला पाच कमी असताना त्याने दाराबाहेरचा लाकडी पुतळा उचलून आत घेतला. समोरच्याने स्कूटर ओट्यावर चढवली. पलीकडच्या बाईने कुंड्या आत ओढल्या. कुणी कुणाशी बोललं नाही. रोजचं काम करावं तसं सगळं झालं. सगळ्या गल्लीला माहीत होतं! घरोघरी शिरून लोकांच्या लबाड्या पकडणाऱ्या बाईला तेवढं माहीत नव्हतं.

गॅरेजचं दार उघडलं. आधी बॉनेट आलं, आणि बराच वेळ नुसतं बॉनेटच येत राहिलं. आगबोट गल्लीत वळली आणि सावकाश दुकानासमोरून गेली. उजव्या खिडकीत सासऱ्यांची टोपी आणि बाहेर काढलेलं कोपर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन लावला. "आत्ता या. ट्रक घेऊनच या."

"कोपऱ्यावरच आहे, ताई. आलोच," तो म्हणाला.

ती रस्त्यावर आली. गल्ली सरळ जाऊन गोदामाच्या भिंतीशी संपते. तिथे आगबोट काय, हातगाडी वळवायची तरी पंचाईत. गाडी भिंतीशी थांबली, आणि तशीच उलटी मागे यायला लागली. एका रेषेत, पावलापावलाने.

आणि तिला एकदम तो लाँड्रीवाला आठवला. महिन्यातले पंधरा दिवस पाण्याचं मीटर उलटं बसवायचा. पाणी वाहायचं आणि आकडा कमी व्हायचा. तिनेच त्याला पकडलं होतं, साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं. या जुन्या गाडीचं मीटरही तसंच, पुढे जाईल तेवढा आकडा चढतो, उलटी येईल तेवढा उतरतो. तीच लबाडी घरात आठ महिने चालली होती, आणि तिने ती रोज आपल्या हाताने वहीत लिहून घेतली होती.

ती गल्लीच्या मधोमध हात आडवे करून उभी राहिली. गाडी हातभर अंतरावर थांबली. ती तरातरा उजव्या खिडकीशी गेली.

"बाबा, उतरा. किल्ली द्या इकडे."

"किल्ली माझ्याकडे नाही," सासरे म्हणाले आणि मान डावीकडे वळवली.

या गाडीचं चाक डावीकडे. रोज तिथेच टॉर्च मारणाऱ्या सुनेला ते रागात आठवलंच नव्हतं. चाकामागे, दिवाणावरच्या उशीवर, सासूबाई बसल्या होत्या. चष्मा दोरीने बांधलेला, दोन्ही हात चाकावर घट्ट.

"आई? तुम्ही?"

"हँडब्रेक आधी," सासरे पुटपुटले. सासूबाईंनी हँडब्रेक ओढला, पर्समधून शिकाऊ लायसन्स काढलं आणि खिडकीतून पुढे केलं.

"फोटो मेला वाईट आलाय," त्या म्हणाल्या.

"तुम्ही मला रोज सांगत होतात, बाबा चाकाला हात लावत नाहीत म्हणून."

"नाहीच लावत. नुसते ओरडतात." मग त्यांचा आवाज उतरला. "तीस वर्षं ह्यांनी या गाडीतून दुसऱ्यांच्या बायका फिरवल्या. मी नुसती पुसायला. चक्कर आली त्यानंतर हे गॅरेजमध्ये बसून लहान मुलासारखे रडायचे. म्हटलं, रडू नका, मला शिकवा."

"मग मला सांगायचं ना!"

"तू नको म्हणाली असतीस." सासूबाई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "ह्यांच्यावर संशय घेतलास, नवऱ्यावर घेतलास, त्या मेकॅनिकवर घेतलास. माझ्यावर कधी घ्यावासा वाटला नाही तुला? मी काय करणार, असंच ना?"

खरंच, सुनेच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि आता त्याची लाज वाटत होती.

मागून कर्कश हॉर्न वाजला. भंगारवाल्याचा ट्रक नेमका गॅरेजच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. तो साखळी खांद्यावर टाकून खाली उतरला आणि त्याने आगबोटीच्या पंखावर थाप मारली. "हीच ना, ताई? कापूनच न्यावी लागेल."

सासऱ्यांनी टोपी काढली. त्यांनी तळहात समोर डॅशबोर्डच्या पत्र्यावर ठेवला. सासूबाईंनी चाक सोडलं नाही. शिंपी, स्कूटरवाला, कुंड्यावाली, सगळे दारात आले होते आणि सगळे सुनेकडे बघत होते.

तिने लायसन्स सासूबाईंच्या हातात परत दिलं आणि भंगारवाल्याकडे वळली.

"दादा, ट्रक मागे घ्या," ती म्हणाली. "आमच्या आईंना गाडी आत लावायचीय."