धुक्यावर चालणारी बोट

माझी मोठी बहीण रूथ लग्न करून आमच्या बोटीवरून उतरली, ते १९६२ साल. मी अकरा वर्षांची, धाकटा जेसी नऊचा. आमची बोट बर्मिंगहॅमजवळच्या खाणीतला कोळसा कालव्यानं कागदगिरणीला नेई. तेच आमचं घर, शाळा नव्हतीच. वाटेत एका लॉकमध्ये, म्हणजे बोट वरच्या पातळीला चढवणाऱ्या दारांच्या हौदात, बोट शिरली की मागची दारं लावून पाणी चढेपर्यंत दहा मिनिटं थांबावं लागे. तेवढ्या वेळात लॉकवाल्याची बायको मिसेस पार्जिटर काठावर बसून आम्हा दोघांना एक पुस्तक वाचून दाखवी. पाणी भरलं की पुस्तक मिटे. पुढचं पुढच्या खेपेला.

त्यात एलन नावाची मुलगी धुक्याच्या राजाशी भांडायला निघते, धुक्यावरून चालणाऱ्या करड्या बोटीतून. त्या डिसेंबरात कालवा गोठला. बर्फ वितळला तोवर गिरणीनं कोळसा लॉरीनं आणायला सुरुवात केली होती, आणि आमच्या खेपा कायमच्या थांबल्या. शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच.

बासष्टाव्या वर्षी मी लायब्ररीतल्या मंगळवारच्या वर्गात वाचायला शिकले. तिथल्या बाईंनी ते पुस्तक कुठूनसं शोधून दिलं.

जेसी तेव्हा माझ्याकडेच होता. कोळशानं त्याची छाती धरली होती आणि डॉक्टरांनी उन्हाळ्यापुढचं काही सांगितलं नव्हतं. शेवट ऐकायचाच, असं त्यानं ठरवलं होतं. मी दिवसाला तीन पानं वाची.

"या गतीनं मीच आधी पोचेन," तो म्हणाला.

पहिल्याच दिवशी मी अडले.

"घोडा."

"कुणाचा घोडा?"

"एलनचा. इथं बोट नाहीच, जेस. घोडाच आहे."

"छापणारा चुकला असेल. तू बोट वाच."

"अरे, हा गवत खातोय."

"मग डिझेल पाज."

मिसेस पार्जिटरचं पुस्तक कायम खाकी कागदात असे, त्यामुळे वरचं चित्र आम्ही कधी पाहिलं नव्हतं. बोटीवरच्या पोरांसाठी त्यांनी अख्ख्या पुस्तकातला घोडा काढून बोट घातली होती, वाचता वाचता, एकदाही न अडखळता. मला मात्र दर वेळी थांबून विचार करावा लागे. घोड्याचा नाल निखळला, तिथं जेसीनं बोटीच्या पंख्यात तार अडकवली. तीन पानांची दोन झाली.

"वेळ जातोय रे."

"जाऊ दे. तुला कुठं गिरणीवर पोचायचंय?"

धुक्याच्या राजाची मला लहानपणी धडकी भरायची. आता तो सर्दी झालेला एकटा म्हातारा वाटला. जेसीला त्याची कीव आली. त्याला कुणी सूप का देत नाही, असं त्यानं दोनदा विचारलं.

मे महिन्यात शेवटचं प्रकरण आलं. इथं मिसेस पार्जिटरची मदत नव्हती. राजा हरतो, एलन घरी येते आणि घोड्याला कुरणात मोकळं सोडते.

"दोर सोडून बोट मोकळी केली, असं वाचू?" मी विचारलं.

जेसीनं डोळे उघडले. "वेडी आहेस का गं, केझी? मोकळी बोट जाऊन पुलावर आदळेल. पुढून, मागून, दोन्ही दोर बांध. आणि चहा टाक."

एलननं बोट दोन्हीकडून बांधली आणि ती घरात गेली, असं मी वाचलं.

"आता बरोबर," जेसी म्हणाला. चहात त्यानं तीन चमचे साखर घेतली आणि मी डबा त्याच्याजवळच ठेवला.

मिसेस पार्जिटर १९७१ साली वारल्या. जेसी १९ जून २०१४ रोजी सकाळी गेला.