उजव्या पावलाचं माप

निंगप्पाच्या घरात खुंटीला सुतळ्यांचा जुडगा होता. लिंगायताचं मयत मांडी घालून बसवतात, आणि त्याचा खड्डा त्याच माणसाच्या उजव्या पावलानं मोजतात. गावातले खड्डे निंगप्पा खणायचा. मयताच्या पावलाएवढी सुतळी तोडायची, तिनं नऊ मापं टाकायची, मग सुतळी मातीत. पण त्यानं एकही मातीत टाकली नव्हती. कामून, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सुतळी. पटकीच्या सालातली. एका आठवड्यात अशा सतरा. सगळी पावलं सुरकुतलेली.

सुतळी. भागम्मा. अंगठा काळा पडलेला. टोकाला काळा दोरा बांधलेला.

सुतळी. सिद्धलिंगप्पा. तीन बोटं काळी. काळा दोरा.

गुरुबाई ही निंगप्पाची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. माघात तिच्या उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला, आणि चैत्र आला तरी जखम भरंना. घागरभर पाणी पिऊन तिची तहान भागत नव्हती. बीदरच्या डॉक्टरनं लघवी तपासली. साखरेचा रोग आहे, म्हणाला. गुडघ्याखाली पाय कापावा लागेल, आठ दिवसांत या.

त्यातले पाच गेले.

"मी काय जायची न्हाई," अक्का म्हणाली. "एका पायानं मांडी कशी घालू? हातावर इष्टलिंग घेऊन देवासमोर लंगडी बसू व्हय?"

निंगप्पा पोलीस पाटील हणमंतरावांकडं गेला. जन्ममृत्यूची वही त्यांच्याकडं असायची.

"पाटील, पाय काळा पडून किती गेले, बघा की."

हणमंतरावांनी पानं उलटली. पटकी, प्लेग, देवी, ताप, बाकी. एवढेच रकाने. "भागम्मा... ताप. सिद्धलिंगप्पा... ताप."

"ताप कुठं होता त्यांला?"

"मरताना ताप सगळ्यांलाच येतो की! बाकीत आकडा फुगला की तहसीलातून विचारणा येती. तापाला कोण विचारत न्हाई." मग जरा नरमून म्हणाले, "आरं, विहिरीत औषध पडायलंय, पटकी मागं हटली. तिच्यातनं वाचलेली माणसं दुसऱ्या कशानं तरी जाणारच."

निंगप्पानं घरी येऊन जुडगा सोडला. ओसरीवर साल-सालाप्रमाणं सुतळ्या मांडल्या. साध्या एकीकडं, काळ्या दोऱ्याच्या दुसरीकडं. पहिल्या पाच सालांत काळ्या दोन. पुढच्या पाचांत चार. ह्या तीनच सालांत सात.

वहीत एकही नव्हती.

सुतळी. शरणप्पा. पाऊल धड, पण अर्धांगानं उजवी बाजू लाकडासारखी. ह्याची मांडी वळलीच नव्हती. हे निंगप्पानं कुणाला सांगितलं नव्हतं.

जुडगा घेऊन तो अक्काच्या बाजेशी बसला. तिनं नाक मुरडलं.

"मढ्यांच्या दोऱ्या घेऊन आलायस? मी अजून हाय म्हणलं."

"ह्या तेरा बघ. काळ्या दोऱ्याच्या. सगळ्यांचे पाय तुझ्यावानीच सडले."

"मग?"

"एकाचाबी पाय कुणी कापला न्हाई, अक्का. सगळे दोन्ही पायांसकट मेले. म्हणून तर सुतळ्या माझ्यापाशी हायत."

पायावरच्या फडक्यावर माशी बसली, ती तिनं हाकलली नाही.

"आन् मांडी?"

"शरणप्पाची मांडी कुठं वळली होती? मी खाली उतरलो, गुडघ्याखाली माती चेपली, बेल-विभूती भरली. वर लोक बघायलेच होते. कुणाला कळलं? बसलाच की तो."

"मला बसवशील तसं?"

"बसवीन. पण आत्ता न्हाई."

गुरुबाईनं फडकं सोडलं आणि काळी बोटं त्याच्यापुढं केली.

"कापायच्या आधी माप घे. उजव्याचंच लागतंय ना?"

जित्या माणसाचं माप त्यानं कधी घेतलं नव्हतं. सुतळी त्यानं टाचेला लावली आणि अंगठ्यापर्यंत ताणली.

"सुजलाय गं. माप मोठं यायलंय."

"येऊ दे. ऐसपैस बसंन." ती हसली, आणि हसता हसता रडली. त्यानं मान वर केली नाही.

सुतळी तोडली. काळा दोरा त्याच्या दुसऱ्या हातात होता. तो त्यानं खिशात घातला.

उजाडल्यावर भीमण्णाची गाडी दाराशी आली. भालकीहून पुढं बीदरपर्यंत रेल्वे. अक्काला गवतावर निजवलं. निंगप्पा सुतळी खुंटीला अडकवायला वळला, तशी ती गाडीतूनच ओरडली, "तिथं नको. हिकडं आण."

तिनं ती पदराच्या गाठीत बांधली.

"मागशील तवा देईन," म्हणाली, आणि भीमण्णाला बैल हाक म्हणाली.