ताश-बुलाकच्या काट्यावरचा संशय

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर येऊन उभे राहिलात तरी मी तुम्हाला चटकन दिसणार नाही. जमिनीशी सपाट बसवलेला एक लांबरुंद लोखंडी पत्रा, एवढेच तुम्हाला दिसेल. ताश-बुलाकच्या सीमानाक्यावर मालाच्या गाड्या तोलणारा जुना काटा तो मीच. घाट चढून आलेली गाडी माझ्या अंगावर थांबते, खालच्या खड्ड्यात माझ्या दांड्या हलतात आणि शेजारच्या खोलीत आकडा उमटतो. त्यावरच मालाची जकात ठरते.

माझा जन्म इथला नाही. दूर उत्तरेकडच्या एका कारखान्यात मला घडवले, अर्ध्या वाटेपर्यंत रेल्वेने आणले आणि पुढे वळणावळणाने या डोंगरात चढवले. तेव्हा सीमा जवळजवळ बंदच असे. लोकरीच्या आणि कातड्याच्या तुरळक गाड्या येत, आणि मी बराच वेळ नुसता वारा तोलत पडून असे. मग दिवस पालटले. फाटक उघडले आणि पलीकडच्या देशातून जोडे, कापड, चिनीमातीची भांडी घेऊन येणाऱ्या गाड्यांची रांग लागली.

माझा आकडा खोलीत उमटला की संपला, असे समजू नका. सगळ्या नाक्यांवरचे आकडे राजधानीत जातात. तिथे बुरूलचा नावाच्या वयस्कर बाई त्यांची जुळणी करत, आणि दर महिन्याला एक पुस्तिका निघे. देशात कोणता माल किती आला आणि बाहेर किती गेला, हे तीत छापलेले असे. एकदा एक तपासनीस मापाची वजने घेऊन आले होते. मला नीट पारखून ते म्हणाले, "हा काटा देवाला भिऊन वागतो." खोलीत बसून वजन घेणारा एगेमबेर्दी हे वाक्य पुढे कितीतरी वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्या ड्रायव्हरांना ऐकवत असे. ते ऐकून माझे लोखंडही जरा फुगून येई.

वसंतात बर्फ वितळले की एक कारागीर येई. माझा पत्रा उचलून तो खड्डा साफ करी. तो म्हातारा झाला, निवृत्त झाला, आणि त्याच्या जागी कोणी आलेच नाही. आकडा उमटतो आहे ना, मग झाले, असे नाक्याचा प्रमुख मूराताली याने ठरवून टाकले. एगेमबेर्दीलाही त्यात काही वावगे वाटले नाही.

पलीकडचा देशही अशीच पुस्तिका काढतो. त्यांनी आमच्याकडे जेवढा माल पाठवला, साधारण तेवढाच आमच्याकडे आलेला दिसायला हवा. पण बुरूलचाबाईंनी दोन्ही पुस्तिका शेजारी ठेवल्या तेव्हा मेळ बसेना. जोडे आणि भांडी तिकडून पुष्कळ निघत होती, आणि इकडे पोहोचताना फारच कमी होत होती. ही गोष्ट फुटली आणि एका वर्तमानपत्राने छापले, 'घाटात माल विरघळतो काय?'

मित्रांनो, त्या दिवसापासून नाक्यावर कोणी कोणाशी सरळ बोलेना. मूरातालीला एगेमबेर्दीचा संशय, कारण आकडा त्याच्या खोलीत उमटे. एगेमबेर्दीला मूरातालीचा, कारण कागदावर शेवटचा शिक्का मूरातालीचा. ड्रायव्हर म्हणत, दोघे मिळून काटा मारतात. पूर्वी ही मंडळी एकाच ताटातले बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे, उचलत चहा प्यायची. आता प्रत्येक जण आपापला पेला घेऊन वेगवेगळ्या भिंतीशी उभा राही आणि पेल्यावरून दुसऱ्याकडे बघत राही. मलाही राहवेना. माझ्या मागच्या कोपऱ्याखाली काहीतरी टणक टेकत होते. ते कोणीतरी मुद्दाम सारले असणार, असेच मी धरून चाललो होतो.

खालच्या गावात एगेमबेर्दीच्या घरावर नवे छप्पर चढले होते. परदेशात राबणाऱ्या त्याच्या भावाने त्यासाठी मदत केली होती, पण ते कोणाला खरे वाटेना. त्याची मुलगी आयझादा हिच्या कानांत डूल घालून सोयरीक पक्की करायला मुलाकडचे येणार होते. त्यांनी निरोप धाडला, की रस्ते खराब आहेत, पुढे बघू. रस्ते तर कोरडे ठणठणीत होते.

मग बुरूलचाबाई स्वतः आल्या. एगेमबेर्दीने चहा पुढे केला. त्यांनी पेल्याला हात लावला नाही. राजधानीहून येताना त्यांनी वाटेतल्या शहरात तोलून घेतलेली सिमेंटची गाडी सोबत आणली होती. एगेमबेर्दीला खोलीबाहेर काढून त्या स्वतः आत बसल्या. गाडी माझ्यावर चढली. आकडा कमी आला.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "तुम्ही आत नव्हतात तरी वजन कमीच भरलं. म्हणजे जे काही केलंय, ते आधीच करून ठेवलंय."

"एजे," एगेमबेर्दी म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात. "मी काही केलं असतं, तर निदान तुम्ही यायच्या दिवशी तरी काटा सरळ करून ठेवला नसता का?"

"हुशार माणूस असंच म्हणेल," बाई म्हणाल्या.

आता तो काहीही बोलला असता तरी त्याचा उलटाच अर्थ निघाला असता.

बाईंनी माझा पत्रा उचलायला लावला. एखादी पाचर, एखादी तार सापडणार, अशी सगळ्यांची खात्री होती. मूराताली तर मुद्दाम पुढे येऊन उभा राहिला. पत्रा वर गेला आणि वर्षानुवर्षांनी माझ्या खड्ड्यात उजेड पडला. आत होता चिखल, खडी, गाड्यांच्या चाकांबरोबर आलेली माती आणि मेंढ्यांच्या लेंड्या, सगळे दबून दगडासारखे झालेले. मागच्या कोपऱ्यात तो ढीग पत्र्यापर्यंत चढला होता. गाडीचा काही भार मी पेलत होतो आणि काही त्या चिखलावर जात होता.

बुरूलचाबाई त्या वयात खड्ड्यात उतरल्या. कोपरान् कोपरा त्यांनी हातांनी चाचपून पाहिला. कोणाच्या हाताची खूण कुठेच नव्हती. नखांत चिखल भरलेल्या बाई मान वर करून म्हणाल्या, "हे शेवटचं कधी काढलं होतं?" वर उभ्या असलेल्यांपैकी एकालाही सांगता येईना. सगळे इतके दिवस एकमेकांचे चेहरे वाचत होते. पायाखाली कोणीच वाकून बघितले नव्हते.

माझ्यामुळे पडलेली तूट अर्थात थोडीच होती. उरलेल्या तफावतीचे कारण बाईंना पुढे मिळाले. पलीकडचे लोक आमच्या नावावर लिहीत असलेला बराच माल आमच्या देशात उतरतच नव्हता. गाड्यांवरची सीमाशुल्काची मोहोर न तोडता तो तसाच पुढच्या देशात जात होता. पुढच्या पुस्तिकेत जुने आकडे बदलले आणि त्यांच्यापुढे एक बारीक चांदणी छापली. 'सुधारित' असा तिचा अर्थ.

ती पुस्तिका घेऊन बाई पुन्हा आल्या. एगेमबेर्दीने ती चाळली आणि विचारले, "एजे, आकड्यांपुढे चांदणी लावलीत. माझ्या नावापुढे काय लावणार?"

बाईंनी त्याच्या हातातली पुस्तिका मिटली. मग म्हणाल्या, "चल, मला गावात घेऊन चल."

पुढचे मी ड्रायव्हरांकडून ऐकले. गुरांच्या बाजारात, ऐन गर्दीत, बुरूलचाबाई एका गाडीच्या फळीवर चढल्या. हा माणूस निर्दोष आहे, मी त्याच्यावर चुकीचा संशय घेतला, असे त्यांनी मोठ्याने सांगितले. पुष्कळांनी माना डोलावल्या. काही कुजबुजले, की म्हातारीला एखादी मेंढी पोहोचली असेल. मुलाकडचे मात्र त्याच महिन्यात आले आणि आयझादाच्या कानांत डूल घालून गेले.

एगेमबेर्दी अजून त्याच खोलीत बसतो. दर महिन्याचे आकडे राजधानीला जाण्याआधी तो माझा पत्रा उचलवून घेतो, खाली उतरतो आणि खड्डा खरवडून काढतो. पण आता तो माझ्याजवळ एकटा कधीच येत नाही. आधी कोणाला तरी हाक मारतो, "जरा उभा राहा इथं, बघ मी काय करतोय ते." तो माणूस येऊन उभा राहीपर्यंत हात मागे बांधून, माझ्यापासून चार पावले लांब थांबतो.

मित्रांनो, यंत्राला लागलेला गंज घासला की निघतो, खड्ड्यातला चिखल उपसला की संपतो. माणसावर बसलेला संशय तसा निघत नाही. म्हणून एवढेच मागतो. आम्हा यंत्रांकडे वेळच्या वेळी बघत जा, म्हणजे आमची चूक कुणा माणसाच्या माथी बसणार नाही. आणि कधी आकडे जुळले नाहीत, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा पत्रा उचलून बघा.