बॅटरीच्या पाण्याने दिसलेला ताप

मित्रांनो, मी फार थकलो आहे. पाली गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात, पत्र्याच्या कपाटात पडून असलेला मी एक जुना सूक्ष्मदर्शक. गावचे लोक मला दुर्बीण म्हणतात. भिंगांवर बुरशी चढली आहे आणि चकती फिरवली की कुरकुरते.

दूध संघाने सभासदांच्या जनावरांसाठी मला विकत घेतले, तेव्हा अध्यक्षांनी मला हार घातला होता. पुढे माझ्याखाली रक्त, शेण, कातडीची खरवड येत राहिली. जनावराला बोलता येत नाही. त्याचे दुखणे मी दाखवायचो आणि डॉक्टर ओळखायचे.

मग दुष्काळ पडला. धरणातल्या गाळाला भेगा पडल्या, दूध आटले आणि संघाच्या पटांगणात चारा छावणी उभी राहिली. डॉक्टर शिवकन्याताई एकट्याच होत्या. खंगलेल्या जनावरांचे रक्त तपासता तपासता त्यांचे डोळे लाल होत. मलाही उसंत नसे.

त्या छावणीत आश्रुबा आणि बायनाबाई हे जोडपे दोन बैल घेऊन उतरले होते. सोबत सरदार नावाचा तांबडा कुत्रा. बायनाबाई स्वतः खाण्याआधी त्याला भाकर टाकायची.

एका सकाळी तिने सरदारला घोंगडीत गुंडाळून आणले. अंगात ताप, हिरड्या पांढऱ्याफटक, मागचे पाय लुळे. मागोमाग आश्रुबा आला.

“वारं गेलंय त्याच्यावरून. डाग दिला की उठतंय. इळा तापत घातलाय म्या.”

“डाग न्हाई द्यायचा,” बायनाबाई म्हणाली. “ताई, तुमी बगा.”

“आधी रक्त बघू, दादा,” शिवकन्याताई म्हणाल्या.

त्यांनी कानाच्या टोकातून थेंबभर रक्त घेतले, काचेवर पसरले, रंग चढवून धुतले आणि काच माझ्याखाली ठेवली. मला नुसते ठिपकेच ठिपके दिसले. दुसरी काच केली, तीही तशीच.

“टँकरच्या पाण्यात गाळ आहे,” ताई कपाळ चोळत म्हणाल्या. “जंतू कुठला नि माती कुठली, कळत नाही. शुद्ध पाणी संपलंय. अंदाजाने औषध दिलं आणि दुखणं दुसरंच निघालं, तर याला ते सोसायचं नाही.”

“शुद्ध म्हंजी कसलं?” आश्रुबाने विचारले.

“गाडीच्या बॅटरीत घालतात ना, तसलं.”

आश्रुबा लगेच बाहेर पडला. तो विळा आणायला गेला, असे वाटून बायनाबाई कुत्र्याला पोटाशी धरून बसली. दुपार कलली तेव्हा तो धुळीने माखून परतला. हातात प्लास्टिकचा कॅन होता.

“मांजरसुंब्याच्या गॅरेजातून आणलं. आता तरी दिसतंय का बगा.”

या वेळी काच स्वच्छ निघाली. रक्तातल्या लाल पेशींत पेरूच्या बीसारखे बारीक जंतू जोडीजोडीने बसले होते. गोचिडांमुळे होणारा ताप! ताईंनी आश्रुबालाही माझ्यातून बघायला लावले. तो बराच वेळ वाकून होता.

“एवढुशांनी लोळवला व्हय ह्याला?” तो हळू आवाजात म्हणाला. “आन् म्या डागणार हुतो.”

ताईंनी इंजेक्शन दिले, अंगावरच्या गोचिडी काढल्या. ताप उतरला, पण पाय उठेनात. तेव्हा बायनाबाईने भीत भीत विचारले, “करडीचं तेल कोमट करून चोळलं तर चालंल का?”

“चोळा की. तेलाने रक्तातले जंतू मरत नाहीत, ते काम इंजेक्शनचं. पण आखडलेले पाय मोकळे होतील. हलक्या हाताने चोळा.”

चोळायला बसला तो आश्रुबा. रोज माझ्या खिडकीखालच्या सावलीत तो सरदारचे पाय मांडीवर घ्यायचा. आणि एके दिवशी सरदार उभा राहिला, कोलमडला, पुन्हा उठला, लंगडत बैलांकडे निघाला. मागून आश्रुबा कमरेत वाकून, दोन्ही हात पसरून, लहान लेकराच्या मागे चालावे तसा चालत होता.

पुढे छावणी उठली, ताईंची बदली झाली, तपासण्या बीडला होऊ लागल्या. कुणी मला पुसले नाही. त्याचेही आता फारसे वाटत नाही.

मित्रांनो, तुमचे मुके जनावर खायचे थांबले, तर अंदाज बांधत बसू नका, त्याचे रक्त तपासून घ्या. माझ्यापेक्षा कितीतरी बारीक पाहणारी यंत्रे आता आली आहेत. पण दुखणे सापडल्यावर त्या जनावराशेजारी जमिनीवर बसावे लागते. ते कुठल्याच यंत्राला जमणार नाही. तेवढे तुम्ही करा.